माहितीचे कोठार आणि त्याचे जोते : मदरबोर्डची निवड व मांडणी

कला शाखेच्या वार्षिकांकात संगणकाच्या एका फलकावरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. हा विषय विज्ञान विभागाच्या पानांत अधिक शोभला असता, असेही कोणी म्हणेल. परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येईल, की जतन करण्याजोगे साहित्य आज विज्ञानाच्या प्रयोगशाळेपेक्षा आपल्यासारख्यांच्या घरी अधिक आहे. जुनी पत्रे, बखरींच्या नकला, वृद्ध कलावंतांच्या मुलाखती, लोकगीतांच्या ध्वनिफिती, गावोगावच्या शिलालेखांची छायाचित्रे हे सारे आता हळूहळू संगणकात येत आहे. आणि संगणकात आलेली वस्तू कागदाहून दीर्घायुषी असते, ही समजूत मात्र खरी नाही. कागद पिवळा पडतो, त्याला कसर लागते. पण तो नाहीसा होण्यापूर्वी आपल्याला दिसतो तरी. संगणकातील धारिका बिघडते ती न बोलता, आणि कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. घरातल्या घरात साहित्य साठवण्यासाठी एक स्वतंत्र संगणक उभारावयाचा झाल्यास त्याचा मदरबोर्ड कसा निवडावा आणि कसा मांडावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे. अशा संगणकाला इंग्रजीत स्टोरेज सर्व्हर म्हणतात. मी त्याला 'कोठार' म्हणतो. धान्याच्या कोठाराला जसे जोते, तसा या कोठाराला मदरबोर्ड. जोते कोणी पाहायला येत नाही, पण ओल तिथूनच चढते.

आधी गरजेचा हिशेब

दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, हा पहिला धडा. माझ्याच संग्रहाचे उदाहरण देतो. १९८६ ते १९९४ या काळात मी व माझ्या विद्यार्थ्यांनी आमच्या तालुक्यातील खेड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्या २४० कॅसेटींत आहेत, प्रत्येकी एक तासाच्या. गाणाऱ्यांपैकी बहुतेक बाया आज हयात नाहीत, आणि त्यांच्या सुनांच्या घरी जाते नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या, म्हणून महाराष्ट्राच्या त्या ठेव्याचा मोठा भाग वाचला. माझा संग्रह त्यापुढे मूठभर आहे. पण त्या मुठीतले दाणे दुसऱ्या कोणाकडे नाहीत.

आता हिशेब. ध्वनीचे जतन करताना सेकंदाला ९६,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा म्हणजे ३ बाइटांचा, आणि वाहिन्या दोन, असे धरले तर सेकंदाला ५,७६,००० बाइट होतात. तासाला सुमारे २.०७ गिगाबाइट, आणि २४० तासांना सुमारे ५०० गिगाबाइट. शिवाय हस्तलिखितांची आणि वह्यांची ४,००० पाने आहेत. ए-४ आकाराचे एक पान इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात, रंगीत आणि न दाबता टिपले, तर ते सुमारे १०४ मेगाबाइट जागा घेते. ४,००० पानांना म्हणजे सुमारे ४१६ गिगाबाइट. दोन्ही मिळून एक टेराबाइटच्या आत. पुढील दहा वर्षांची वाढ आणि घरची छायाचित्रे जमेस धरली तरी ४ टेराबाइटची एक हार्ड डिस्क पुरते. तिची हुबेहूब जोड म्हणून दुसरी. पुढेमागे आणखी एक जोडी लागली तर एकूण चार.

या साध्या त्रैराशिकाने निवडीचे अर्धे काम होते. मला चार डिस्कांची सोय असलेला फलक हवा. आठ किंवा बारांचा नको. पुष्कळ लोक उलट मार्गाने जातात. आधी मोठा फलक घेतात आणि मग त्यात काय भरावे याचा विचार करतात.

फलकावर काय पाहावे

मदरबोर्ड म्हणजे अनेक रस्ते आणि नाकी असलेले एक छोटे गावच. मध्यभागी प्रोसेसरची बैठक, तिच्या शेजारी स्मृतीच्या खाचा, कडेला डिस्कांची तोंडे, मागील बाजूस जाळ्याच्या तारेचे तोंड. कोठारासाठी यांतील काही गोष्टी महत्त्वाच्या आहेत आणि काही मुळीच नाहीत.

पहिली गोष्ट आकाराची. १९९५ साली इंटेलने ठरवलेला एटीएक्स हा आकार ३०५ × २४४ मिलिमीटरचा; त्याचा धाकटा भाऊ मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ चा; आणि २००१ साली व्हिया कंपनीने आणलेला मिनी-आयटीएक्स १७० × १७० चा. आकार प्रमाणित असल्याचा लाभ मोठा आहे. उद्या फलक जळाला तर त्याच पेटीत, त्याच भोकांवर दुसरा बसवता येतो. काही नामांकित कंपन्यांच्या कार्यालयीन संगणकांत फलकाचा आकार आणि विजेचे तोंड त्यांच्यापुरतेच असते. असा जुना संगणक स्वस्तात मिळतो, पण तो बिघडला की त्याच कंपनीचा तोच फलक शोधत फिरावे लागते. माझ्या मते मायक्रो-एटीएक्स हा सुवर्णमध्य होय. त्यावर स्मृतीच्या बहुधा चार खाचा असतात आणि जादा कार्डांसाठीही जागा उरते.

दुसरी गोष्ट डिस्कांच्या तोंडांची. ही साटा नावाची तोंडे फलकाच्या मुख्य चिपसेटमधून आलेली असावीत. काही फलकांवर निम्मी तोंडे चिपसेटची व निम्मी वेगळ्या नियंत्रक चिपची असतात. अशी चिप वाईटच असते असे नाही. परंतु एका वाहिनीवरून अनेक डिस्कांना वाटणी करणारे 'पोर्ट मल्टिप्लायर' मात्र टाळावेत. शिवाय एम.२ नावाच्या चपट्या खाचेत छोटी एसएसडी बसवली की साटाची एखाद-दोन तोंडे आपोआप बंद होतात, असेही काही फलकांवर घडते. ही गोष्ट जाहिरातीत नसते, पुस्तिकेत बारीक अक्षरांत असते. म्हणून फलक घेण्यापूर्वी त्याची पुस्तिका वाचावी. पाठ्यपुस्तक न वाचता परीक्षेस बसणाऱ्याचे जे होते, तेच येथेही होते.

तिसरी गोष्ट वेगाची. येथे हव्यास नको. आजची साटा सेकंदाला ६ गिगाबिटांची, म्हणजे प्रत्यक्षात फार तर ६०० मेगाबाइट वाहून नेणारी आहे. फिरणारी हार्ड डिस्क मात्र १५० ते २५० मेगाबाइटच देऊ शकते. घरच्या जाळ्यातील गिगाबिट तार त्याहूनही अरुंद. तिच्यातून सुमारे ११० मेगाबाइट जातात. तरीही ओव्यांचा एक तास वीस सेकंदांच्या आत पलीकडे पोचतो. आजीची ओवी ऐकण्यास याहून घाई कशास हवी?

अभंगाची अक्षरे आणि स्मृतीचे बिट

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे वळतो. तो म्हणजे चुका दुरुस्त करणारी स्मृती, जिला ईसीसी म्हणतात.

आपल्याला साहित्याच्या इतिहासात नकलांच्या चुका परिचित आहेत. ज्ञानेश्वरीच्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या उतरवल्या जाताना पाठ भ्रष्ट होत गेले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. संगणकही रात्रंदिवस नकलाच करीत असतो. डिस्कवरून स्मृतीत, स्मृतीतून डिस्कवर. क्वचित कधी, चिपच्या दोषामुळे, विजेच्या गडबडीमुळे किंवा अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे, स्मृतीतील एखादा बिट उलटतो. शून्याचा एक होतो. साधी स्मृती तो उलटलेला बिट खरा मानून पुढे देते. नक्कल भ्रष्ट होते आणि कोणालाही पत्ता लागत नाही.

यावरचा उपाय आपल्या कवींना अनोळखी नाही. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार असतात. लेखकूने एक अक्षर गाळले तर मोजताच कळते, की येथे काही चुकले आहे. यमक जुळत नसेल तर चूक चरणाच्या शेवटी आहे, हेही कळते. म्हणजे अर्थाबाहेरचा जो नियम कवीने पाळला, तोच पुढे शुद्धतेचा पहारेकरी झाला. संगणकात हेच काम गणिताने होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली अशी रीत प्रसिद्ध केली, की काही जादा बिट ठरावीक पद्धतीने जोडले तर चूक झाली एवढेच नव्हे, ती नेमकी कोणत्या बिटात झाली हेही काढता येते. बिट दोनच प्रकारचा असल्याने चुकीची जागा कळली की दुरुस्ती कळलीच. आजच्या डीडीआर-४ जातीच्या ईसीसी स्मृतीत माहितीच्या ६४ बिटांमागे ८ बिट तपासणीचे असतात. एक बिट उलटला तर तो जागच्या जागी सुधारला जातो; दोन उलटले तर निदान ओरड होते.

डीडीआर-५ जातीच्या साध्या स्मृतीच्या चिपांतही दुरुस्तीची सोय असते, म्हणून विक्रेते तिलाही ईसीसी म्हणतात. ती दुरुस्ती चिपच्या पोटातली आहे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची नाही. दोहोंत गल्लत करू नये.

पण ईसीसी स्मृती विकत घेतली म्हणजे झाले असे नाही. स्मृती, फलक आणि प्रोसेसर, तिघांचीही संमती लागते. इंटेलच्या बाराव्या-तेराव्या पिढीतील अनेक प्रोसेसरांना ती चालते, पण फलकावर डब्ल्यू-६८० हा चिपसेट असावा लागतो; नेहमीच्या बी-६६० किंवा एच-६१० वर ती सोय नाही. एएमडीच्या एएम-४ बैठकीत पुष्कळ रायझेन प्रोसेसरांना ईसीसी चालते. मात्र चित्र दाखवण्याची सोय अंगी असलेल्या, नावात 'जी' असलेल्या प्रोसेसरांपैकी 'प्रो' असतील त्यांनाच. फलकाच्या पुस्तिकेत 'ईसीसी स्मृती बसते' आणि 'ईसीसीचे काम चालते' यांतला फरक नीट वाचावा. बसते, पण साध्या स्मृतीसारखीच वागते, असे फलकही आहेत.

तीन वाटा

यातून माझ्यासमोर तीन वाटा उरल्या. पहिली, इंटेलचा एन-१०० हा २०२३ सालचा प्रोसेसर जडवलेला छोटा फलक. त्याची उष्णतेची मर्यादा अवघी ६ वॅट, वीज अत्यल्प, आवाज नाही. पण स्मृतीची वाहिनी एक, पीसीआय एक्सप्रेसच्या वाटा नऊच, त्यामुळे चार-सहा डिस्कांची तोंडे बहुधा जादा चिप लावून काढलेली, आणि नेहमीच्या ईसीसी स्मृतीची सोय नाही. ज्याच्या घरी केवळ छायाचित्रे व चित्रपट आहेत आणि मूळ प्रती इतरत्रही आहेत, त्याने हा खुशाल घ्यावा.

दुसरी वाट सर्व्हरसाठीच बनवलेल्या फलकाची. त्यावर ईसीसी तर असतेच, शिवाय पडदा व कळफलक न जोडता दुसऱ्या खोलीतून सगळी व्यवस्था पाहण्याची स्वतंत्र चिप असते. पण किंमत अधिक, आणि ती चिप कोठार बंद असतानाही थोडी वीज खात बसते.

तिसरी वाट मधली. बी-५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स फलक, चार साटा तोंडांचा, ज्याच्या पुस्तिकेत ईसीसीचे काम चालते असे स्वच्छ लिहिले आहे. त्यावर रायझेन ५ प्रो ४६५०जी हा प्रोसेसर आणि ईसीसी स्मृतीच्या दोन पट्ट्या. मी ही वाट धरली. कारण माझ्या मूळ कॅसेटी दरवर्षी क्षीण होत आहेत, आणि एकदा टिपलेला ध्वनी पुन्हा तितका शुद्ध टिपता येईल याची खात्री नाही. ज्या नकलेमागे मूळ प्रत उरणार नाही, त्या नकलेची शुद्धता अधिक कसोशीने सांभाळली पाहिजे.

मांडणी

फलक पेटीत बसवण्यापूर्वी, तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर ठेवून एकदा चालवून पाहावा. प्रथम पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थितिक वीज उतरवावी. थंडीच्या कोरड्या दिवसांत हे विसरू नये. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण बैठकीच्या त्रिकोणाशी जुळवावा आणि तो आपल्याच वजनाने खाली बसू द्यावा, दाबू नये. स्मृतीच्या दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजता दुसऱ्या व चौथ्या खाचेत लावाव्यात. चोवीस पिनांचे मोठे तोंड आणि प्रोसेसरजवळचे आठ पिनांचे, ही दोन्ही वीजजोडणी हवीत. पडद्यावर पहिले अक्षर उमटले की मग फलक पेटीत न्यावा. पेटीतील पितळी खुंट्या फलकाच्या भोकांखालीच असाव्यात. एखादी जादा खुंटी फलकाच्या पाठीला टेकली तर शॉर्ट होते.

विजेबाबत दोन पथ्ये. एका पॉवर सप्लायच्या सुट्या तारा दुसऱ्याला जोडू नयेत. तोंडे सारखी दिसली तरी आतली रचना वेगळी असू शकते आणि डिस्का क्षणात जळतात. आणि जुन्या चार पिनांच्या तोंडाचे साटात रूपांतर करणाऱ्या, ओतीव प्लॅस्टिकच्या स्वस्त जोडण्या वापरू नयेत. त्या पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. हार्ड डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते, म्हणजे चार डिस्कांना त्या घटकेला शंभरेक वॅट लागतात. हे धरून पॉवर सप्लाय घ्यावा. तीन पिनांच्या प्लगला खरोखरीचे अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

यानंतर बायॉस. आधी तो अद्ययावत करावा. डिस्कांची पद्धत 'एएचसीआय' ठेवावी. फलकाची स्वतःची 'रेड' व्यवस्था वापरू नये. अनेक स्वस्त डिस्का मिळून एक भरवशाचे भांडार करण्याची रेडची कल्पना १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी मांडली, आणि ती उत्तमच आहे. पण ती फलकाच्या हवाली केली तर फलकाबरोबर डिस्काही अडकतात. तशाच जातीच्या फलकाशिवाय त्या वाचता येतीलच असे नाही. हेच काम लिनक्सवरील झेडएफएससारख्या प्रणालीवर सोपवले, तर डिस्का कोणत्याही फलकाला लावून वाचता येतात. शिवाय झेडएफएस प्रत्येक तुकड्याची बेरीज नोंदवून ठेवते आणि वाचताना ताडून पाहते. एका डिस्कवरची प्रत भ्रष्ट निघाली तर जोडीच्या डिस्कवरून ती सुधारते.

वीज गेल्यावर परत येताच संगणकाने आपोआप सुरू व्हावे, अशी खूण बायॉसमध्ये असते, ती लावावी. स्मृतीचा वेग वाढवण्याची खूण मात्र बंद ठेवावी. भारनियमनाचा अनुभव असलेल्या आपल्यासारख्यांना यूपीएसचे महत्त्व सांगायला नको. त्याची यूएसबी तार कोठाराला जोडून ठेवली, तर बॅटरी संपत आल्याचे कळून कोठार स्वतःहून नीट बंद होते.

परीक्षा आणि नंतर

नव्या कोठारात लगेच साहित्य भरू नये. आधी त्याची परीक्षा घ्यावी. मेमटेस्ट हा कार्यक्रम रात्रभर चालवून स्मृती तपासावी. एकही चूक निघाली तर ती पट्टी परत करावी. ईसीसी खरेच चालू आहे का, हे लिनक्समध्ये डीएमआयडीकोड ही आज्ञा देऊन पाहावे; एकूण रुंदी ७२ बिट आणि माहितीची रुंदी ६४ बिट असे उत्तर आले म्हणजे पट्टी ठीक आहे. मग लिनक्सच्या नोंदींत ईडीएसीच्या ओळी दिसतात का हे पाहावे. त्या दिसल्या म्हणजे फलकही आपले काम करतो आहे. डिस्कांची दीर्घ तपासणी करावी. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने पूर्ण वाचून होण्यास सात-साडेसात तास लागतात, तेव्हा ती रात्रीच लावावी. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक आणि ती कोणत्या तोंडात आहे, हे चिठ्ठीवर लिहून पेटीच्या आत चिकटवावे.

शेवटची परीक्षा सर्वांत मोलाची. कोठार बंद करून एक डिस्क काढावी, पुन्हा सुरू करावे आणि साहित्य उघडते का हे पाहावे. संकट आल्यावर शिकण्यापेक्षा हे आधी शिकलेले बरे. त्यानंतर महिन्यातून एकदा संपूर्ण पडताळणी चालवावी.

खर्चाचेही सांगतो. असे कोठार सरासरी ४० वॅट घेते असे धरले तर दिवसाला ०.९६ युनिट, वर्षाला सुमारे ३५० युनिट होतात. युनिटला १० रुपये धरल्यास वर्षाचे ३,५०० रुपये. ज्यांना हे जड वाटेल त्यांनी कोठार रोज चार तासच चालवावे. ओव्या त्याबद्दल तक्रार करणार नाहीत.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. दोन जोडडिस्कांचे कोठार म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. आग, चोरी, पूर किंवा चुकून दिलेली पुसण्याची आज्ञा दोन्ही डिस्कांना एकदमच गाठते. म्हणून जाणकार सांगतात, की प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या माध्यमांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी. पूर्वी एका पोथीच्या प्रती निरनिराळ्या मठांत असत, म्हणून एक मठ जळाला तरी पोथी वाचे. तत्त्व तेच आहे.

फलक मर्त्य आहे. दहा-बारा वर्षांत कधीतरी तो बंद पडेल, आणि तेव्हा त्या जातीचा नवा फलक बाजारात नसेल. म्हणून प्रमाणित आकार, चिपसेटची साधी तोंडे, एएचसीआय पद्धत आणि फलकावर अवलंबून नसलेली प्रणाली, या चारही निवडींमागे विचार एकच आहे. जोते बदलावे लागले तरी धान्य सांडू नये.

विद्यार्थी मित्रांनो, कोठार बांधणे हे काम आठ दिवसांचे आहे आणि ते कोणालाही जमेल. पण भरण्याजोगे धान्य असेल तरच कोठाराला अर्थ. या सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीजवळ बसा, तिला आठवतील त्या ओव्या म्हणावयास सांगा, आणि तिची परवानगी घेऊन त्या टिपून ठेवा. कोणती ओवी, कोणत्या गावची, कोणी कोणत्या दिवशी म्हटली, हेही लिहा. फलक पुढच्या वर्षीही बाजारात मिळेल. आजीच्या आठवणीची मात्र तशी खात्री देता येत नाही.